रानपाखरांच्या पोटातले जंत आणि बोथट होत चाललेली औषधं

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाल्याचं जाहीर झालं, राज्यात पहिल्यांदाच. त्याच निफाड तालुक्यात पोल्ट्र्याही आहेत आणि द्राक्षबागाही. शेडमधलं कोंबडीखत बागेला जातं. ते नीट कुजवलं तर उष्णतेनं जंतांची बरीच अंडी मरतात. ताजंच ओढलं, तर जाड कवचाची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात, अळ्या गांडुळांत शिरतात. बांधावर माती उकरणारे मोर-तित्तर तेच टिपतात. म्हणून कोंबड्यांना दिलेलं जंताचं औषध हा मला रानपाखरांचाही प्रश्न वाटतो.

रानपक्ष्यांच्या जंतांचा सर्वात कसून अभ्यास झाला तो ब्रिटनमधल्या ग्राउझ या तित्तरवर्गीय पक्ष्याचा. काही वर्षांआड हे पक्षी ढिगानं मरायचे. एडवर्ड विल्सन या डॉक्टर-निसर्गअभ्यासकानं त्यांची शवविच्छेदनं केली. १९११ च्या चौकशी अहवालानं आतड्यातल्या केसासारख्या बारीक जंताकडे बोट दाखवलं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पक्षी पकडून औषध पाजल्यावर त्यांची संख्या कोसळणं थांबलं. आता तिथल्या माळांवर दोन कप्प्यांच्या पेट्या ठेवतात. एका कप्प्यात हे पक्षी अन्न दळण्यासाठी गिळतात ते साधे बारीक खडे, दुसऱ्यात औषधाचा लेप दिलेले; शिकारीच्या हंगामाआधी औषधी कप्पा झाकायचा.

पण वर्षानुवर्षं एकच औषध देत राहिल्यानं काय होतं, ते मेंढ्यांनी आधीच दाखवलं होतं. थायबेंडाझोल हे जंतांचं औषध १९६१ मध्ये बाजारात आलं आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणारे जंत नोंदवले गेले. आयव्हरमेक्टिन हे दुसरं औषध १९८१ चं. त्याच दशकाच्या अखेरीस तीच गत. अमेरिकेत काही ठिकाणी टर्की या पाळीव पक्ष्याच्या जंतांवर फेनबेंडाझोल चालेनासं झालं आहे. हे औषध जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून काम करतं. त्या प्रथिनात किंचित बदल असलेले मोजके जंत डोसातून वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

पिण्याच्या पाण्यातून अंदाजानं औषध सोडलं की अशक्त कोंबडी पाणी कमी पिते, डोस अपुरा पडतो. त्यापेक्षा आधी विष्ठा तपासावी. मिठाच्या दाट पाण्यात ती कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. डोसानंतर १०-१४ दिवसांनी पुन्हा मोजावीत. पूर्ण डोस देऊनही आकडा फारसा उतरला नसेल, तर त्या शेडमध्ये ते औषध चालत नाही असा संशय धरून पशुवैद्यकांना दाखवावं आणि तिथलं ताजं खत बागेत टाकू नये.