मासा आडवा पडला म्हणजे मेला असं नाही

क्लाउन लोच हा मासा झोपतो तेव्हा चक्क कुशीवर आडवा होतो. कधी दोन दगडांच्या फटीत तिरका, कधी उघड्या वाळूवर, रंग उतरलेला, हालचाल जवळजवळ बंद. घाबरून कुणी जाळी पाण्यात घातली की तोच 'मेलेला' मासा सुळकन टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. हाच लोच घशातले दात एकमेकांवर घासून खट् खट् असा आवाज काढतो, काचेबाहेरही ऐकू येईल इतका. तो पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा हीटर तडकला का ते बघायला जातो.

मासे पाळायला लागलं की पहिल्या काही महिन्यांत असे प्रसंग सारखे येतात. अडचण अशी की मासा काय करतोय एवढंच पाहून तो ठीक आहे की आजारी, हे ठरत नाही. आधी तो कुठल्या जातीचा आहे ते माहीत असावं लागतं. सिनोडोंटिस निग्रिव्हेंट्रिस हा आफ्रिकेतला छोटा कॅटफिश बहुतेक वेळ पोट वर करून पोहतो. त्यामुळे त्याचं पोटही पाठीपेक्षा गडद असतं, बाकीच्या बहुतेक माशांच्या बरोबर उलट. गोल्डफिश मात्र तसा तरंगू लागला तर त्याच्या वाताशयात, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या हवेच्या पिशवीत, काहीतरी बिघडलंय.

माशांना पापण्या नसतात, त्यामुळे झोप डोळ्यांवरून कळत नाही. कुणी तळाशी टेकतो, कुणी झाडाच्या आडोशाला एका जागी तरंगत राहतो, बेटा नावाचा मासा तर पानावर अंग टाकून देतो. निऑन टेट्राची निळी पट्टी रात्री विझल्यासारखी होते. तिचा रंग मुळात रंगद्रव्याचा नसतोच. त्वचेच्या पेशींतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो, आणि अंधारात त्या थरांमधलं अंतर बदलतं. सकाळी दिवा लावल्यालावल्या टेट्रा फिकट दिसले तर थोडा वेळ द्यावा, रंग परत येतो. झोप मात्र त्यांना खरोखर लागते. प्रयोगशाळेत झोपमोड केलेले झेब्राफिश अंधार मिळाला की राहिलेली झोप भरून काढतात. दिवा रात्रभर चालू ठेवणं म्हणूनच बरं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पृष्ठभागावर येऊन हवा घेण्याचा. कॉरिडोरस तळाशी शांतपणे वाळू हुंगत असतो, मग अचानक बाणासारखा वर जातो, हवेचा एक घोट घेतो आणि तितक्याच वेगानं खाली येतो. ही हवा तो गिळतो. त्याच्या आतड्याच्या मागच्या भागाची भिंत पातळ असते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथं ऑक्सिजन शोषला जातो आणि उरलेली हवा मागच्या बाजूनं बाहेर पडते. पाणी उत्तम असतानाही तो हे अधूनमधून करतोच, पण ऑक्सिजन घटला की फेऱ्या वाढतात. म्हणून त्यानं वर जाणं काळजीचं नाही, दर मिनिटाला जाणं काळजीचं आहे.

बेटा आणि गोरामी यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा घड्या पडलेला एक अवयव असतो. त्यानं ते थेट हवेतला ऑक्सिजन घेतात. बेटाला पृष्ठभागापर्यंत पोचूच दिलं नाही तर तो पाण्यात गुदमरतो. त्याच्या टाकीत वर साचलेला फेस म्हणजे पाणी नासल्याचं लक्षण असेलच असं नाही. तो नराचं घरटं असू शकतो: हवेचा एकेक बुडबुडा तोंडातल्या चिकट स्रावात गुंडाळून त्यानं तो रचलेला असतो. मादी टाकीत नसली तरी नर घरटं बांधतो. ते पुसून टाकायचं काही कारण नाही.

या सगळ्यापेक्षा वेगळं दृश्य म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकदमच वर येऊन तोंड उघडझाप करत राहणं. हे धोक्याचं. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात, आणि उष्णतेनं माशांची गरज उलट वाढलेली असते. झाडांनी भरलेल्या टाकीत हे पहाटे घडतं, कारण रात्रभर झाडंही ऑक्सिजनच वापरतात. दुपारपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं आणि मालकाला वाटतं, आपल्याला भास झाला. रात्री एअर पंप चालू ठेवून बघावं.

आता गोल्डफिशच्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल, कारण यात चांगल्या माशावर औषधांचा मारा होतो. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काठावर बारीक पांढरे उंचवटे उठतात. 'इक' या रोगातले ठिपकेही पांढरेच. तो इक्थिओफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. फरक जवळून बघितला की कळतो. नराचे उंचवटे दोन्ही बाजूंना सारखे असतात आणि ठरलेली जागा सोडत नाहीत. रोगाचे ठिपके मिठाचे कण विखुरल्यासारखे शेपटीवर, पाठीवर, कुठेही येतात, दिवसागणिक वाढतात आणि मासा दगडावर अंग घासतो. उंचवटे आलेला नर त्याच सुमारास मादीच्या पोटाला ढुशा देत टाकीभर तिचा पाठलाग करतो. ती भांडणं नव्हेत. मादीनं अंडी टाकल्यावर दोघंही ती मिटक्या मारत खातात, ते वेगळं!

भांडण नसलेलं भांडण वाटतं तसं उलटंही होतं. 'किसिंग गोरामी' तोंडाला तोंड लावतात ती बहुतेक वेळा ताकद आजमावण्यासाठी. मलावी सरोवरातल्या सिक्लिडची मादी आठवडे उलटले तरी खात नाही, गळा फुगलेला, जबडा काहीतरी चघळल्यासारखा हलतो. तिच्या तोंडात अंडी असतात. ती घोळवत राहते म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळतं, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. अशा वेळी 'घसा तपासायला' तिला जाळीत पकडलं तर ती अंडी थुंकून टाकू शकते.

काचेलगत वरखाली येरझाऱ्या घालणारा मासा नव्या टाकीत हमखास दिसतो. खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असला की आतून काचेचा आरसा होतो, आणि मासा स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजतो. काचेपलीकडचंही त्यांना दिसतं. शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांच्या नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत स्टिकलबॅक माशांच्या टाक्या खिडकीशी होत्या. विणीच्या काळात या नरांचं पोट लाल होतं. बाहेरून टपालाची लाल गाडी गेली की टाकीतले नर त्या बाजूला धावून डोकं खाली करून धमकावणीचा पवित्रा घेत. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी टिनबर्गन यांना १९७३ चं नोबेल दोघांबरोबर विभागून मिळालं. तुमचा मासा लाल शर्टावर धावून आला तर तो आजारी नाही एवढं नक्की.

खरी चिंता कशाची करायची? आवडतं खाणंही दिवसेंदिवस नाकारणं, पर अंगाला चिकटवून ठेवणं, कल्ले भराभर हलणं, खवले उभे राहून पोट फुगणं. यातलं काही दिसलं तरी आधी औषध नको, आधी पाणी तपासा. नव्या टाकीत अमोनिया फस्त करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांचं वागणं बिघडवणारी गोष्ट बहुधा पाण्यातच असते. काही प्रतिजैविकं नेमक्या याच जिवाणूंना मारतात. शिवाय लोचसारख्या बारीक खवल्यांच्या माशांना तांब्याची औषधं लवकर बाधतात. चाचणीत अमोनिया निघाला तर चौथा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्याच तापमानाचं असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.