गोधडी

गोधडी : वापरून मऊ झालेल्या जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून ते धावदोऱ्याने आरपार शिवून केलेले अंथरूण किंवा पांघरूण. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने घरातल्या बायका घरच्या माणसांसाठी शिवतात. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणण्याचा प्रघात आहे, तर कर्नाटकात ती कौदी या नावाने ओळखली जाते. रजई व दुलई यांच्याशी तिची गल्लत होते. पण त्या दोहोंत पिंजलेला कापूस खोळीत भरून तो हलू नये इतपत टाके घातलेले असतात. गोधडीत भरण वेगळे आणि खोळ वेगळी असे नसते. कापड हेच भरण.

वरच्या थरावर रंगीबेरंगी तुकडे जोडलेले असणे हे गोधडीचे लक्षण मानण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. ती ग्राह्य धरण्यासारखी नाही. एकाच लुगड्याच्या घड्या घालून, एकही ठिगळ न लावता शिवलेली गोधडी ही पूर्णार्थाने गोधडी असते. उलट शेकडो तुकडे जोडून केलेले एकेरी कापड चादर होईल, तोरण होईल, गोधडी होणार नाही. थर आणि ते धरून ठेवणारा धावदोरा एवढीच तिची दोन आवश्यक अंगे. उगमाच्या चर्चेत हा भेद विशेष जपावा लागतो, कारण तुकडेजोडीचा पुरावा थरशिवणीचा म्हणून पुढे केला गेल्याची उदाहरणे बरीच आहेत.

उगम : थर शिवलेल्या वस्त्राचा सर्वांत जुना दाखला म्हणून ईजिप्तमधील अबायडॉस येथे फ्लिंडर्स पेट्री यांना १९०३ मध्ये सापडलेली राजाची लहानशी हस्तिदंती मूर्ती सांगितली जाते. ती सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सामान्यतः ती पहिल्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे इ.स.पू. सु. ३००० च्या सुमाराची मानतात. राजाच्या अंगावरील झग्यावर शंकरपाळी नक्षी कोरलेली आहे. ती थर शिवल्याने उठलेली असावी असे एक मत आहे. परंतु अशीच नक्षी विणीतून किंवा भरतकामातूनही येऊ शकते आणि हस्तिदंतावर या तिन्हींचे रूप जवळपास सारखेच दिसेल. त्यामुळे हा दाखला सूचक समजावा, निर्णायक नव्हे. प्रत्यक्ष वस्तूचा भक्कम पुरावा मंगोलियातील नोइन-उला येथील शिओंग्नू या भटक्या लोकांच्या थडग्यांतून मिळतो. प्योत्र कोझलोव्ह यांच्या मोहिमेने १९२४–२५ मध्ये तेथून बाहेर काढलेल्या गालिच्यावर लोकरीच्या नमद्यावर (लोकर न विणता दाबून केलेल्या जाड कापडावर) दाट टाक्यांची वलये शिवलेली असून कडेला पशूंच्या आकृती जोडकामाने बसवलेल्या आहेत. त्याचा काळ इ.स.पू. पहिले ते इ.स. पहिले शतक असा धरतात. मात्र तो नमदा आहे. विणलेल्या सुती कापडाच्या थरांशी त्याचे नाते तंत्रापुरतेच.

भारतात सुती कापडाचा वापर फार जुना आहे. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांच्या माळेत ओवलेला दोरा सापडला. त्यात कापूस व रेशीम यांचे तंतू ओळखता आले. वस्तीचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात पडतो. दोरा होता एवढे यावरून सिद्ध होते, गोधडी होती असे नाही. दख्खनच्या हवेत सुती वस्त्र जमिनीखाली टिकत नाही. शिवाय गोधडीचा शेवट चिंध्यांत होतो, किंवा तीच पुढच्या गोधडीच्या पोटात आतला थर म्हणून जाते. उत्खननात ती न मिळणे हा म्हणून ती नसल्याचा पुरावा होत नाही.

वाङ्मयीन पुराव्यात दोन गोष्टींचा वारंवार उल्लेख होतो. पहिला पाणिनीच्या सूत्रांतील ‘कंथा’ या शब्दाचा. बंगालच्या कांथा या शिवणकामाच्या इतिहासात तो हमखास उद्धृत केला जातो. परंतु ही सूत्रे उशीनर, वर्णू अशा प्रदेशांतील स्थलनामांसंबंधी आहेत आणि तेथे कंथा म्हणजे वस्ती अथवा नगर असा अर्थ वासुदेवशरण अग्रवाल यांच्यासह काही अभ्यासकांनी घेतला आहे. तोच संदर्भाला अधिक जुळतो. चिंध्यांचे पांघरूण या अर्थी कंथा नंतरच्या संस्कृत रचनांत निःसंदिग्धपणे येते, तीही बहुधा संन्याशाच्या किंवा नाथपंथी जोग्याच्या अंगावर.

दुसरा पुरावा बौद्ध विनयातील, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांतील, असून तो तुलनेने अधिक वजनदार आहे. मगधातील बांधांनी विभागलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला त्या आकृतीप्रमाणे भिक्खूंची चीवरे (वस्त्रे) बेतायला सांगितली, ही कथा प्रसिद्ध आहे. तुकडेजोडीचा आरंभ म्हणून तिचा दाखला सर्रास देतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाचा आहे तो तिथलाच एक व्यावहारिक नियम. कापड नवे असेल तर संघाटी, म्हणजे सर्वांत बाहेरचे चीवर, दुहेरी आणि बाकीची दोन चीवरे एकेरी असावीत. कापड जीर्ण असेल तर संघाटी चौपदरी आणि उरलेली दोन दुपदरी चालतील, अशी तेथे मुभा आहे. झिजलेल्या कापडाला पदर वाढवून पुन्हा बळ द्यायचे, हेच गोधडीमागचे सूत्र होय. हे थर आरपार धावदोऱ्याने शिवत की फक्त कडेने, हा प्रश्न मात्र या नियमाने सुटत नाही.

एकाच ठिकाणी हे तंत्र जन्मले आणि तेथून सर्वत्र गेले, असे मानणारा एक पक्ष आहे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-थर-कच्छकडील रल्ली, कर्नाटकची कौदी आणि महाराष्ट्रातील गोधडी यांच्यातील साम्य पाहता हा मोह समजण्यासारखा आहे. तरीही साडी, लुगडे, धोतर अशी न शिवलेली लांब वस्त्रे जिथे नित्य वापरात असतात, तिथे जुन्या वस्त्राच्या घड्या घालून त्या टाचण्याची कल्पना स्वतंत्रपणे सुचणे मुळीच अवघड नाही, हे मत आम्हांला अधिक पटते. भडोचच्या सुजनीचे नाव मात्र या यादीत घालू नये. ती मागावर दुहेरी विणीने विणतात. तिचा शिवणीशी संबंध नाही.

याच प्रश्नाचा एक छोटा नमुना उत्तर कन्नड जिल्ह्यात दिसतो. हल्याळ, यल्लापूर, मुंदगोड या भागांतील सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे लोक ‘कवंडी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून तुकडे जोडत, शिवत आत मध्यापर्यंत यायचे आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ बसवायची, ही तिची खूण. फुलांवाचून कवंडी पुरी झाली असे मानत नाहीत. तिच्यात आफ्रिकी वारसा पाहणारे अभ्यासक आहेत. भोवतालच्या इतर समाजांतही कौदी त्याच टाक्याने शिवली जाते, हे लक्षात घेता तंत्र स्थानिक आणि रंगांची मांडणी व कोपऱ्यांचा आग्रह सिद्दींचा स्वतःचा, अशी विभागणी सयुक्तिक वाटते.

मापे व थर : गोधडीचे माप मुळात वस्त्राच्या मापावरून ठरते. नऊवारी लुगड्याची लांबी सु. ८.२ मी. असते. त्याच्या चार घड्या घातल्या की सु. २ मी. लांबीची चौपदरी पट्टी मिळते, म्हणजे मोठ्या माणसाच्या निजण्याइतकी. काठ धरून पन्हा सव्वा वाराच्या आसपास असल्याने रुंदीही एका माणसापुरती होते. पाचवारी-सहावारी साडीच्या तीन घड्यांत लांबी साधारण सहा फूट भरते आणि एक थर कमी पडतो. तो धोतराने किंवा जुन्या चादरीने भरून काढतात. प्रत्यक्षात अखंड लुगडे क्वचितच हाती येते. नेसणीत बसण्याच्या जागी ते आधी विरते, पदर आणि काठ टिकतात. म्हणून विरलेला भाग आत, धड भाग वर-खाली आणि काठ शक्यतो चारी बाजूंना, अशी मांडणी केली जाते. सदरे, विजारी, परकर यांचे तुकडे उसवून, शिवणी कापून मधल्या थरात सपाट पसरतात. शिवण तशीच राहिली तर अंगाला टोचते आणि सुई मोडते.

शिवण : सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर खालचे कापड ताणून अंथरतात, कडांवर दगड किंवा वरवंटा ठेवतात आणि एकेक थर हाताने चुण्या काढत पसरतात. पाश्चात्त्य रजईकामात लागणारी लाकडी चौकट येथे नसते, जमीनच ते काम करते. याचे परिणाम टाक्यावर होतात. चौकटीवर एक हात खाली ठेवून सुई उभी उतरवता येते. जमिनीवर तो हात खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे कापड चिमटीत किंचित उचलून सुई जवळपास आडवी घालावी लागते. एका दमात तीनचार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढतात. परिणामी वरचा टाका लांब आणि खालचा आखूड पडतो. अनुभवी बाईच्या हातची गोधडी उलटी करून पाहिली तरच हा फरक कळतो.

पक्क्या शिवणीआधी लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवतात आणि हे टाके मध्यापासून कडेकडे घालायचे असतात. पक्की शिवण पुष्कळदा उलट, कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन अशी आत सरकते. प्रत्येक फेरीबरोबर सैल कापड थोडे थोडे आत ढकलले जाते. कच्चे टाके नसतील तर ते सगळे मध्यावर येऊन फुगा होतो आणि मग तो चुणी घालून दाबावा लागतो. सरळ समांतर ओळींत हा धोका कमी, पण सगळा ताण एकाच दिशेला येत असल्याने धुताना कापड ओळींच्या मधे फाटते. चौकोनी फेऱ्यांत दर कोपऱ्याला दिशा बदलते आणि ताण ताण्याबाण्यात वाटला जातो. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही पद्धत सरस म्हटली पाहिजे.

ओळींमधील अंतर साधारण बोटाच्या रुंदीचे, म्हणजे २ सेंमी.च्या आसपास असते. २ मी. लांब व १.२ मी. रुंद गोधडीत या हिशेबाने सु. १२० मी. लांबीची शिवण भरते. ओळी सरळ असोत वा चौकोनी, बेरीज जवळजवळ तीच येते. अंतर निम्मे केले की काम दुप्पट होते. उबेचा हिशेब याच्या उलट आहे. ऊब कापडाची नसून थरांत अडकलेल्या स्थिर हवेची असते आणि प्रत्येक टाका त्या जागी थर दाबून हवा बाहेर काढतो. दाट शिवलेली गोधडी चिवट पण कमी उबदार, विरळ शिवलेली उबदार पण अल्पायुषी. अंथरायची गोधडी म्हणून दाट शिवावी आणि पांघरायची थोडी विरळ, असा भेद जाणत्या बायका करतात.

दोरा सुती, बहुधा दुहेरी. जाड थरांना मोठी सुई लागते आणि फारच जाड असल्यास दाभण. गाठ थरांच्या मधे ओढून लपवतात.

घरातील स्थान : बाळाचे दुपटे हे गोधडीचेच धाकटे रूप. त्याला दोनतीनच थर, बारीक टाका आणि घरातले सर्वांत मऊ, पुष्कळदा आजीच्या लुगड्याचे कापड. दुपट्याबरोबर कुंची, टोपडे, झबले यांचीही शिवण घरीच होई. उरलेल्या तुकड्यांतून बटवे, चंच्या, पिशव्या, अभ्रे, बसकरे आणि पायपुसणी होत. लग्नाच्या रुखवतातही यांतल्या काही वस्तू मांडल्या जातात. मोठ्या गोधड्या उन्हाळ्यात, शेतीची कामे आटोपल्यावर अंगणात किंवा ओसरीवर शिवल्या जात. दोघीतिघी शेजारणी चार कडांना बसल्या तर काम लवकर उरके, मात्र प्रत्येकीचा टाका वेगळा दिसे.

नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याच्या प्रथेला ‘दसरा काढणे’ म्हणतात. भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळता येत नाही, दोघींनी दोन टोके धरून पीळ द्यावा लागतो. आतल्या थरांपर्यंत ऊन न पोचल्यास तिला कुबट वास धरतो.

संतपरंपरेत गोधडी हे साधेपणाचे चिन्ह आहे. रात्री जनाबाईकडे आलेला विठ्ठल निघताना घाईत स्वतःचा शेला विसरून तिची वाकळ पांघरून राउळात परतला, ही आख्यायिका वारकऱ्यांमध्ये सर्वश्रुत आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांना त्यांच्या चिंध्यांच्या वेषामुळे लोक गोधडे महाराज म्हणत.

बदल : कृत्रिम धाग्यांच्या साड्या नेहमीच्या वापरात आल्यावर गोधडीचा कच्चा मालच बदलला. नायलॉन व पॉलिएस्टर घाम टिपत नाहीत, थर एकमेकांवरून निसटतात आणि वारंवार धुऊनही सुती कापडासारखा मऊपणा येत नाही. तयार चादरी व ब्लँकेटे स्वस्त झाल्याने गरजही कमी झाली. शिवणयंत्रावर गोधडी होते, पण यंत्राचा दाबपाय वरचा थर पुढे ढकलत जातो आणि शेवटाला वरचे कापड खालच्यापेक्षा पुढे निघते. ते टाळण्यासाठी जवळजवळ टाचण्या लावाव्या लागतात किंवा वरचा थरही सरकवणारा वेगळा दाबपाय वापरावा लागतो. विक्रीसाठी आणि हौसेने आता नव्या कापडाच्याही गोधड्या शिवतात. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि निरनिराळी कापडे निरनिराळ्या प्रमाणात आटतात. म्हणून बेतण्याआधी ते भिजवून, वाळवून घेतात. तसे न केल्यास शिवण आखडून सगळी गोधडी चुण्यांची होते.