नाल्याच्या तोंडाशी: कोल्हापूरच्या दोन पुरांची पार्श्वभूमी

पावसानं जोर धरला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न एकच, 'बंधाऱ्यावर पाणी किती?' पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. शिवाजी पुलाच्या खांबांवर पाणी ठरावीक खुणेला टेकलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणायची रीत तर त्याहून जुनी. नदीची मोजदाद या गावाला नवी नाही. आपल्याच छपरांवर पडलेला पाऊस जातो कुठे, हा हिशेब मात्र फार उशिरा सुरू झाला.

पूर्वी त्याची निकडही नव्हती, कारण गावात तळी होती. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, पेटाळा. उतारावरून आलेलं पाणी तिथे थांबायचं, मुरायचं आणि मगच पुढे जायचं. ही तळी एकेक करून बुजली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आलं. जमिनीचा उतार मात्र तोच राहिला. म्हणून मोठी सर येऊन गेली की गांधी मैदानात आजही तळं साचतं. उरलेला भार जयंती आणि गोमतीवर आला. त्यांना आपण आता नाले म्हणतो, पण जुनी माणसं अजून नदीच म्हणतात आणि मला तेच बरोबर वाटतं.

गटार किती मोठं हवं, हे ठरवायचं साधं सूत्र आयर्लंडच्या मल्वनी या अभियंत्यानं १८५१ मध्ये मांडलं. पावसाचा वेग, क्षेत्रफळ आणि जमीन किती पाणी वाहू देते याचं प्रमाण, या तिघांचा गुणाकार. एक हेक्टर जागेवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं. ती जागा शेत असेल तर त्यातलं बरंचसं मुरतं. तिथे बंगले, पेव्हर ब्लॉक आणि डांबर आलं की जवळजवळ सगळंच गटारीकडे धावतं. पाऊस तेवढाच, नाल्याचं ओझं मात्र दुप्पट-तिप्पट.

आपल्याकडच्या शहरांतली गटारं बहुतेक वर्षाला एक-दोनदा तुंबतील, हे गृहीत धरूनच आखलेली होती. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ही आखणी उघडी पडली. २०१० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं शहरी पुरासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नदीच्या पुरापासून त्याचा विचार वेगळा सुरू झाला.

कोल्हापूरची अडचण अशी की इथे ते दोन्ही पूर वेगळे राहत नाहीत. पंचगंगेचं खोरं सपाट आहे आणि नरसोबावाडीच्या संगमावर कृष्णा भरलेली असेल तर आपलं पाणी हटतच नाही. २०१९ मध्ये बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. तेव्हा नदीचं पाणी जयंतीच्या तोंडातून उलटं आत शिरलं आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची वस्ती मागच्या अंगानं बुडाली. अशा वेळी वर पाऊस सुरू असला तर त्याला बाहेर पडायला वाटच नसते. पाइप कितीही मोठा घाला, त्याचं तोंडच पाण्याखाली असतं. तेव्हा उपयोगी पडते ती फक्त साठवणीची जागा. आपण बुजवली ती हीच.

२०१९ नंतर राज्य सरकारच्या वडनेरे समितीनं खोऱ्याचा अभ्यास केला, कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर भरपूर वाद झाला आणि निळी-लाल पूररेषा घराघरांत पोहोचली. पण त्या रेषा नदीच्या आहेत: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. गल्लीत चढणारं पावसाचं पाणी त्यांत कुठेच येत नाही.

त्यासाठी आधी पाऊस जागोजाग मोजावा लागतो. कळंब्याला ढगफुटीसारखा पाऊस आणि कसबा बावड्यात नुसती भुरभुर, हे आपण पाहतोच. दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक हवा, असं २०१० ची तत्त्वं सांगतात. महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सोळा-सतरा यंत्रं, आणि जयंतीच्या प्रत्येक पुलाला बंधाऱ्यासारखी एकेक रंगवलेली फूटपट्टी.