मुख्याध्यापकांचा फलक करायला येताय? आधी शाळेचं कपाट उघडा

शाळेची शंभरी, सव्वाशे, कुठं दीडशे वर्षं पूर्ण झाली म्हणून आमच्याकडे आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक करायला येणाऱ्या गुरुजी, बाई आणि माजी विद्यार्थी संघाच्या मंडळींसाठी हे लिहून ठेवलंय. बार्शीत आमचं हे काम वडलांपासूनचं. ते ब्रशनं ऑइल पेंटमधे नावं लिहायचे, आम्ही आता ग्रॅनाइट, स्टील, एसीपी (ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेली पाटी) सगळ्यात करतो, पण यादीचा घोळ तेव्हा होता तोच आजही आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत तर मशीन सोडून फोनवर तेच समजावत बसावं लागतं. म्हणून हे पत्रक. येण्याआधी एकदा वाचा, तुमचे दोन हेलपाटे वाचतील.

घोळ एकच आहे. बहुतेक जण जुन्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढतात, खाली अलीकडच्या दोनतीन मुख्याध्यापकांची नावं जोडतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवून देतात, "हीच यादी आहे, करून टाका." जुना फलक म्हणजे कुणीतरी कधीतरी आठवणीनं केलेली यादी असते. त्याच्या आधीच्या फलकावरून ती उतरवलेली असते, मधे एकदा रंगकाम झालेलं असतं, तेव्हा पुसट अक्षरं अंदाजानं गिरवलेली असतात. सातचा एक झालेला आम्ही स्वतः बघितलाय. तीच चूक आता ग्रॅनाइटमधे कोरली की पुढची पन्नास वर्षं तोच शाळेचा इतिहास होतो, आणि पुढच्या स्मरणिकेत पण तीच यादी छापली जाते.

एका शाळेचा अनुभव सांगतो, गावाचं नाव घेत नाही. काळ्या ग्रॅनाइटचा पाच बाय तीनचा फलक, पस्तीस ओळी, सोनेरी अक्षरं, अनावरण झालं, फोटो झाले. जेवणाच्या पंगती चालू असताना एक आजोबा पिशवीतनं प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेला स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले, १९७१ सालचा. खाली शाईनं सही, सहीखाली "प्र. मुख्याध्यापिका" असा शिक्का. ते फलकापुढं उभं राहून त्या सालावर बोट ठेवून विचारत होते की आमच्या बाई कुठायत. त्या सालासमोर दुसऱ्याच गुरुजींचं नाव होतं, ते तर पुढच्या वर्षी रुजू झालेले. सहा महिने शाळा ज्या बाईंनी चालवली त्यांचं नाव जुन्या फलकावर नव्हतं म्हणून आमच्या फलकावर पण आलं नाही. ग्रॅनाइटमधे ओळ घुसवता येत नाही. स्टिकर कापून, दगडावर चिकटवून, वाळूचा मारा करून अक्षर खोल नेलेलं असतं, त्यात सोनेरी भरलेलं असतं, तिथं खोडरबर चालत नाही. अख्खा दगड नवा करावा लागला, समितीला परत वर्गणी काढावी लागली. पैसे आम्ही जमेल तेवढे कमी घेतले पण तो दिवस परत आला नाही, त्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

त्या दिवसापासून आम्ही नियम केलाय. यादीतल्या प्रत्येक नावाला शाळेतल्या कुठल्यातरी कागदाचा आधार पाहिजे, त्याशिवाय दगडाला हात लावत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, "तुम्हाला काय करायचंय, आम्ही देतो ते कोरा" असं म्हणतात. पण नाव चुकलं की बोलणी आम्हाला पण बसतात, आणि खरं सांगायचं तर नाव चुकलेला फलक आम्हाला बघवत नाही.

आता आधार कुठं मिळतो ते सांगतो. सगळ्यात पक्का कागद म्हणजे चार्ज यादी. जाणारे मुख्याध्यापक येणाऱ्यांना चार्ज देतात तेव्हा खुर्च्या, टेबलं, घंटा, नकाशे, रजिस्टरं असं सगळं मोजून लिहून दोघांच्या सह्या होतात, तारीख असते आणि म.पू. का म.नं. (दुपारच्या आधी का नंतर) ते पण असतं. ३१ मे म.नं. ला एक जण सुटला आणि त्याच तारखेला दुसऱ्यानं चार्ज घेतला तर दोन्ही ओळींत ३१ मे येणार, ती चूक नाही, फोन करून "तारीख डबल झालीय" म्हणू नका. ३१ मे इतक्या वेळा का येतो असं पण विचारतात. जुन्या काळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की १ जून लावायचे, वयाच्या ५८ ला निवृत्ती, आणि एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुटका, म्हणून ३१ मे. हा तुमच्यासाठी ताळा पण आहे, अलीकडच्या काळात कुणी नियत वयोमानानं निवृत्त झालंय आणि तारीख महिन्याच्या मधलीच आहे तर तो कागद परत एकदा बघा.

चार्ज यादी सापडली नाही तर शिक्षकांचं हजेरीपत्रक, पगारपत्रक. तेही नसलं तर शेरेबुक, म्हणजे शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी शेरे लिहिलेली वही. हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही आणि आमच्या मते सगळ्यात जास्त नावं तिथंच सापडतात. दिपोटी साहेब (शाळा तपासणारे डेप्युटी) शाळेला आले की लिहून जायचे, आज रोजी शाळेस भेट दिली, पटावर इतके, हजर इतके, आणि हेडमास्तर कोण ते. साल, महिना, नाव एका जागी. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, तर कायमचंच जपायचं असतं, त्यात दाखल-खारीज नोंदींजवळच्या सह्या बघत गेलं की अक्षर कधी बदललं तेवढ्यावरनं माणूस बदललेला कळतो. हे रजिस्टर म्हणजे काय चीज आहे ते बघायचं तर साताऱ्याकडे बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथल्या हायस्कूलमधे बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं, रजिस्टरचा नंबर १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर, आणि त्या एका नोंदीवरून आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तुमच्या शाळेच्या कपाटात तसंच रजिस्टर आहे, उंदरानं खायच्या आत उघडा.

आमच्या भागाची एक खास अडचण आहे, ती बाहेरच्या पेंटरला कळत नाही. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात होता आणि चहूबाजूनं निजामाचा मुलूख, म्हणजे वैरागची शाळा एका राज्यातली आणि पलीकडं परंडा, भूम, येरमाळ्याची दुसऱ्या. तिकडच्या शाळांचे जुने कागद उर्दूत, शाळा म्हणजे तहतानिया मदरसा, मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस, आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातलं महसुली साल. १३४० फसली असं लिहिलेलं बघून एका समितीनं आम्हाला "शाळेची स्थापना इ.स. १३४०" असं लिहून आणलं होतं. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवायचे, तारीख जानेवारी ते सप्टेंबरमधली असली तर ५९१, म्हणजे १३४० फसली हे १९३०-३१. महिन्यांची नावं पण आजूर, दै, बहमन अशी येतात, आजूर ऑक्टोबरात सुरू होतो. उर्दू जाणणारं गावात कुणीतरी असतंच, त्यांच्याकडून वाचून घ्या.

इकडच्या शाळांत शके असतं, त्यात ७८ मिळवा (पौषाच्या पुढं गेलं की ७९), शके १७८७ म्हणजे १८६५. आणि मोडी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळं आडनाव भलतंच वाचलं जातं. मोडीतलं नाव असलं तर नुसतं टाइप करून पाठवू नका, पानाचा फोटो पण आणा.

स्थापनेचं साल ही दुसरी भांडणाची जागा. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या शाळा १८५५ ते १८७० च्या दरम्यानच्या निघतात आणि त्याला कारण आहे. १८५५ मधे मुंबई इलाख्यात शिक्षण खातं झालं, पुढं १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना जायला लागला, त्यामुळं गावोगाव मराठी शाळा निघाल्या. त्याच्या आधी देवळात किंवा वाड्यात पंतोजींची शाळा असेलच, पण ती वेगळी. १९२३ च्या कायद्यानं शाळा लोकल बोर्डाकडे गेल्या, १९४७ च्या कायद्यानं जिल्हा स्कूल बोर्डाकडे, बऱ्याच ठिकाणी नाव "जीवन शिक्षण विद्यामंदिर" झालं, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. म्हणून कागदावर "जि. प. शाळा, १९६२ पासून" दिसलं तर ते मालक बदलल्याचं साल आहे, शाळेचं नाही. अशी एक शाळा साठी साजरी करायला निघाली होती, जनरल रजिस्टरचा पहिला खंड काढायला लावला तर शंभरी कधीच होऊन गेलेली!

आता प्रभारींबद्दल, कारण यावर सगळ्यात जास्त वाद होतो. "प्रभारी घेऊ नका, यादी लांबते" असं आम्हाला नेहमी सांगतात. निर्णय तुमचा, पण आमचं म्हणणं स्पष्ट आहे, ज्यानं चार्ज घेतला, ज्याची सही दाखल्यांवर आहे, त्याचं नाव घ्या, समोर "प्रभारी" लिहा. लहान शाळांत तर मुख्याध्यापकाचं वेगळं पदच नसतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असला तर मुख्याध्यापकाचं पद धरलंय, बाकी ठिकाणी वर्ग सांभाळून ज्येष्ठ शिक्षकच कारभार बघतात. प्रभारी गाळले तर अशा शाळेचा फलक कोराच राहील. आणि गाळलेल्यांत बायका जास्त असतात हे आम्ही यादी लावताना बघत आलोय. मुलांची शाळा आणि कन्याशाळा एकत्र झालेली असली की हटकून मुलांच्या शाळेचीच यादी येते, कन्याशाळेच्या सगळ्या मुख्याध्यापिका एका झटक्यात गायब. १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाईंनी मुलींना शिकवलं, ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, त्याच दिवशी अनावरण करायचं म्हणून फलकाची घाई असते, आणि त्याच फलकावर आपल्याच गावच्या बाई नाहीत, हे आम्हाला पटत नाही. दोन शाळांच्या दोन याद्या आणा, आम्ही शेजारी शेजारी दोन रकान्यांत बसवून देतो, जादा आकारणी घेत नाही.

"कै." आम्ही कोरत नाही. एकदा हयात असलेल्या गुरुजींच्या नावामागं लागलं होतं, ते स्वतः कार्यक्रमाला आले होते, त्यापुढं काय बोलणार. शिवाय आज जे आहेत ते कायम थोडेच असणार, मग दरवेळी दगड बदलणार का. नुसतं श्री. किंवा श्रीमती, आद्याक्षरं आणि आडनाव, एवढंच बरं दिसतं. पदव्या लिहायच्या तर सगळ्यांच्या लिहा. जुन्यांच्या व्ह.फा. (व्हर्नाक्युलर फायनल), थर्ड इयर ट्रेंड अशा असतात, त्या काढून नव्यांच्या तेवढ्या एम.ए. बी.एड. ठेवू नका.

मधली दोनतीन वर्षं सापडतच नसतील तर ओढूनताणून आधीच्या माणसाची तारीख पुढं नेऊ नका. ती ओळ मोकळी सोडा. आम्ही तिथं "नोंद उपलब्ध नाही" असं बारीक अक्षरात लिहितो. त्यानं शाळेला कमीपणा येत नाही, उलट कुणीतरी माजी विद्यार्थी ती ओळ वाचतो आणि घरातला जुना दाखला शोधून आणतो, असं आमच्या डोळ्यांसमोर झालंय.

याच कारणासाठी आम्ही पट्टीचा फलक करा असं सांगतो. एसीपीच्या पाटीवर ॲल्युमिनियमची चॅनेल, त्यात प्रत्येक नावाची वेगळी पट्टी सरकवायची. नाव सापडलं की पट्टी घालायची, बदली झाली की खाली नवी पट्टी. ग्रॅनाइट दिसायला भारी आहे, आम्ही करतोच, पण ते वरच्या मजकुराला वापरा, शाळेचं नाव, स्थापना, देणगीदार, जे बदलणार नाही ते. नावांना पट्टी. खर्च पण कमी येतो आणि तुमच्या शाळेत पुढच्या वर्षी संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) काय होईल ते कुणाला माहीत. निदान दहा ओळी मोकळ्या ठेवतोच. आमच्याकडून केलेल्या पट्टीच्या फलकावर पुढची पहिली तीन नावं आम्ही फुकट करून देतो, फक्त आदेशाची झेरॉक्स आणायची.

येताना एवढं आणा: हातानं लिहिलेली यादी चालेल, प्रत्येक नावापुढं ते कुठल्या कागदावरनं घेतलं ते लिहा, आणि शंका असलेल्या पानांचे उजेडात काढलेले फोटो. टाइप केलेली फाइल असली तर युनिकोडमधे, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली आमच्याकडं उघडताना जोडाक्षरं फुटतात आणि मग प्रूफला दोन दिवस जातात. प्रूफ कागदावर देतो, त्यावर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही लागते, आणि सही करायच्या आधी गावातल्या एका सत्तरीच्या पुढच्या माणसाला ते नक्की वाचून दाखवा. सहीनंतरची चूक आमची असली तर पट्टी काय दगड पण आम्ही बदलून देतो, यादीतली असली तर सामानाचे पैसे लागतील.

प्रूफ पास झाल्यावर पट्टीला आठ दिवस, ग्रॅनाइटला पंधरा. २६ जानेवारीचं अनावरण असलं तर यादी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडं पाहिजे, नंतर आलेली कामं फेब्रुवारीत. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं कपाट उघडून बसलात तर आम्हाला फोन करा, मोडी किंवा फसलीचं पान अडलं तर फोटो पाठवा, फलक आमच्याकडं करणार नसाल तरी वाचून सांगू.