अतिप्रवाह संरक्षण (लिथियम बॅटरी)

लिथियम बॅटरीतून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह वाहू लागताच तिची वाट तोडणारे सर्किट. याला ‘करंट लिमिट’ म्हणायची सवय असली तरी ते प्रवाह रोखून धरत नाही, सरळ तोडते. शॉर्ट झालेल्या ४ व्होल्टच्या सेलचा प्रवाह ३ अँपिअरवर रोखून धरायचा, तर मॉसफेटमध्ये (वाट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये) १२ वॅट उष्णता निघेल. नखाएवढ्या तुकड्याला ती झेपत नाही.

एका सेलसाठी डीडब्ल्यू०१ जातीचा आयसी (नियंत्रक चिप) आणि ८२०५ हा जोडमॉसफेट पुरतो. मॉसफेट दोन लागतात, कारण प्रत्येकाच्या अंगचा डायोड उलट दिशेने प्रवाह जाऊ देतो. म्हणून ते ऋण वाटेत एकमेकांविरुद्ध तोंडे करून बसवतात. आयसीच्या पुरवठ्याला १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, संवेदन पिनेला १ किलोओहमचा रोध. चार्जर उलटा लागला तर हा शेवटचा रोधच आयसीला वाचवतो. सेल नव्याने जोडल्यावर आउटपुट शून्य दिसले म्हणून बोर्ड फेकू नये; चार्जर क्षणभर लावला की ते जागे होते.

वेगळा शंट (प्रवाह मोजायचा छोटा रोध) नसल्यामुळे मॉसफेटचा रोध हाच इथला मापक. मॉसफेटवर पडणारा व्होल्टेज साधारण १५० मिलिव्होल्ट झाला की आयसी वाट तोडतो. दोन्ही मॉसफेट मिळून ५० मिलिओहम असतील तर मर्यादा ३ अँपिअर. पण हा आकडा २५ अंशांचा. मॉसफेट ८० अंशांवर गेला की रोध सुमारे पाव पटीने वाढतो आणि तेच सर्किट २.४ अँपिअरलाच तुटते. सेल उतरत आला की गेटचा (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या पिनेचा) व्होल्टेज कमी पडून रोध आणखी वाढतो. आयसीच्या उंबरठ्यातला फरक वेगळाच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या पेटीत तर त्याहून बराच वर. म्हणून इथे कमाल भाराच्या दीडपट मर्यादा धरूनच मॉसफेट निवडावा. दोन ८२०५ समांतर लावले की रोध निम्मा, मर्यादा दुप्पट.

ई-रिक्षाच्या १६ सेलच्या लोहफॉस्फेट पॅकला हे जमत नाही. तिथे शंट हवा: १ मिलिओहम आणि १०० मिलिव्होल्ट म्हणजे १०० अँपिअर. मोटर सुरू होतानाचा झटका सोसायला तोडण्याआधी थोडी उसंत ठेवतात. शॉर्टला मात्र मायक्रोसेकंदांतच तोडावे लागते. लांब तारांचा इथे खरा त्रास. मीटरभर तारेचे प्रेरकत्व साधारण १ मायक्रोहेन्री. २०० अँपिअर १ मायक्रोसेकंदात तोडले की २०० व्होल्टचा झटका बसतो आणि १०० व्होल्टचा मॉसफेट शॉर्ट होऊन बसतो, म्हणजे संरक्षणच संपते. उपाय: टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका शोषणारा), गेटला थोडा जास्त रोध, आखूड तारा, आणि शेवटी फ्यूज.

बहुतेक लिथियम सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असे उत्पादक सांगतात. त्यामुळे थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रोध) बसवलेला पॅक नागपुरात मेच्या दुपारी चार्ज घेत नाही. तो दोष समजून थर्मिस्टर काढून टाकू नये. चार्जिंग रात्री लावावे.