खंभातच्या समुद्रात ९५०० वर्षं जुनं शहर? खान्देशात फिरणाऱ्या फॉरवर्डचा खुलासा

आपल्या तापीच्या मुखापाशी, खंभातच्या आखातात ९५०० वर्षांपूर्वीची हरवलेली नगरी सापडली, कोणी तिला द्वारका म्हणतं कोणी अटलांटिस (ग्रीक दंतकथेतलं समुद्रात बुडालेलं शहर), असा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर परत परत येतो. तर ऐका. मे २००१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी घोषणा केली, ती सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून समुद्राचा तळ टिपणाऱ्या यंत्राच्या चित्रांवरून, त्यात भिंतींसारख्या सरळ रेषा दिसत होत्या. नंतर तळ खरवडून गाळ वर काढला, त्यात दगड, खापरासारखे तुकडे आणि लाकूड निघालं, त्या लाकडाच्या कार्बन डेटिंगमधून (त्यातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) ९५०० हा आकडा आला.

गोम इथंच आहे. लाकूड जुनं म्हणजे शहर जुनं असं होत नाही ना भाऊ! तेव्हा समुद्राची पातळी खूप खाली होती, तिथं झाडं असणारच, शिवाय नर्मदा, तापी, मही, साबरमती सगळ्यांचा गाळ तिकडेच जातो आणि तिथली भरती-ओहोटी इतकी जोरदार की तळ सतत ढवळत राहतो. थरानुसार उत्खनन झालेलंच नाही, मग कुठली वस्तू कुठून आली ते ठरवणार कसं? आणि द्वारका तर पार सौराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला.

खरं जुनं बघायचंय तर नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावाला जा. तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्यानं खोदलं, थरावर थर मिळाले, खालच्या थरात ताम्रपाषाण काळातली (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे तो काळ) रंगवलेली मडकी. सावळदा तर आपल्याच तापीकाठचं गाव, त्याच्या नावानं अख्खी संस्कृती ओळखली जाते, अन् ते कोणी फॉरवर्ड करत नाही याचं फार वाईट वाटतं.