डिझाइन सॉफ्टवेअरची वर्गणीपद्धती

डिझाइन, मुद्रण आणि वास्तुरेखन या व्यवसायांत लागणारे सॉफ्टवेअर एकरकमी किमतीला कायमचे न विकता दरमहा किंवा दरवर्षी पैसे घेऊन वापरायला देण्याची पद्धत. सबस्क्रिप्शनला मराठीत वर्गणी हा शब्द रूढ आहे, पण इथे तो थोडा फसवा ठरतो. मासिकाची वर्गणी थांबवली तर पुढचे अंक येत नाहीत. आलेले अंक माळ्यावर राहतातच. सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली की आपण केलेल्या फायली संगणकावर राहतात, त्या उघडायचे साधन मात्र जाते. व्यवहार खरे तर भाड्याचा आहे. गोव्यात मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, राहत्या घरातून हुसकावले जाऊ नये म्हणून १९७५ साली कायदा झाला. या भाडेकरूला तसे कवच नाही.

आधीच्या पद्धतीत खोक्यात सीडी मिळे, सोबत सिरियल नंबर. करारात तेव्हाही मालकी कंपनीचीच असे, ग्राहकाला मिळे तो वापराचा परवाना. पण तो मुदतीविना असल्याने छापखानेवाला त्याला आपलीच वस्तू समजे, आणि त्यात त्याची चूक नव्हती. शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरठशांच्या काळात फाउंड्रीकडून (ते ओतणाऱ्या कारखान्याकडून) खिळे एकदा घेतले की झिजेपर्यंत ते छापखान्याचे असत. फाउंड्री बंद पडली म्हणून अक्षर उमटायचे थांबत नसे. पुढे श्रीलिपीसारख्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्लीवजा डबी, लागे. ते हरवले तर पंचाईत व्हायची, पण दरमहा कोणी वसुलीला येत नसे.

बदलाची मोठी सुरुवात अ‍ॅडोबी या अमेरिकी कंपनीने केली. २००३ पासून ही कंपनी फोटोशॉप (छायाचित्रांसाठी), इलस्ट्रेटर (रेखाकृतींसाठी), इनडिझाइन (पाने जुळवण्यासाठी) यांचा संच ‘क्रिएटिव्ह सूट’ या नावाने विकत होती. दर दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती येई आणि ग्राहक एक-दोन आवृत्त्या सरळ गाळून पुढे जात. सूटच्या सहाव्या आवृत्तीतल्या फोटोशॉपची (सीएस ६) अमेरिकेतील किंमत ६९९ डॉलर होती. हातातले काम जुन्यावर होत असेल तर पुन्हा पैसे का घालायचे, हा हिशेब सगळीकडे सारखाच. मंदीच्या २००९ या आर्थिक वर्षात कंपनीचे उत्पन्न सुमारे ३.६ अब्ज डॉलरवरून २.९ अब्जांवर घसरले. विक्री नव्या आवृत्तीच्या भरवशावर असली की असे होते, हे तिला तेव्हा चांगलेच कळले असावे. मे २०१२ मध्ये ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ ही वर्गणी सूटच्या जोडीने सुरू झाली आणि ६ मे २०१३ रोजी यापुढे नवा सूट निघणार नाही असे जाहीर झाले. हजारो वापरकर्त्यांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. त्या वर्षी कंपनीचा नफा सुमारे ८३ कोटी डॉलरवरून २९ कोटींवर आला, कारण एकरकमी येणारे पैसे आता हप्त्याहप्त्याने येऊ लागले. २०२४ मध्ये तिचे वार्षिक उत्पन्न २१ अब्ज डॉलरच्या पुढे होते. सह्यांचे काय झाले ते यावरून समजावे.

इतरांनी तीच वाट धरली. वास्तुरेखनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कने ऑटोकॅडसारख्या उत्पादनांचे नवे कायमचे परवाने ३१ जानेवारी २०१६ नंतर विकणे बंद केले, त्याच क्षेत्रातल्या स्केचअपने नोव्हेंबर २०२० मध्ये. जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधील नामवंत वास्तुरचनाकार संस्थांनी ऑटोडेस्कला खुले पत्र लिहून रेव्हिट या तिच्या इमारत-आराखड्याच्या सॉफ्टवेअरचा वाढता खर्च आणि त्या मानाने मंदावलेली सुधारणा यांबद्दल तक्रार केली.

गोव्यात हा बदल सर्वांत जास्त जाणवतो तो हंगामाच्या हिशेबात. इथला छोटा डिझायनर किंवा डीटीपीवाला (संगणकावर छपाईची पाने जुळवणारा) वर्षभर सारखा कमावत नाही. तुळशीचे लग्न झाले की लग्नपत्रिका सुरू होतात. मग जत्रा, उत्सवी नाटकांची हातपत्रके, काल्याचे फ्लेक्स. तिकडे किनारपट्टीवर पर्यटनाच्या मोसमात हॉटेलांची मेनूकार्डे, शॅकचे (वाळूवरच्या हंगामी उपाहारगृहांचे) फलक. शिमगो आटोपला आणि मे सरला की पाऊस लागतो, चातुर्मासात लग्ने नसतात, शॅक उतरवलेले असतात. चवथीच्या शुभेच्छांचे बॅनर येईपर्यंत जून-जुलै सुना. कायमच्या परवान्याचा खर्च चांगल्या मोसमात उरकता येई, आणि पुढची तीन वर्षे धंदा बरा गेला नाही तरी सॉफ्टवेअर गप्प बसून राही. वर्गणी आषाढातही तेवढीच कापली जाते. मोसमापुरती घ्यावी म्हटले तर एकेका महिन्याची सुटी योजना महाग पडते. स्वस्त दिसणारी योजना बहुधा वर्षभराची बांधिलकी असलेली, फक्त हप्ते मासिक. ती मध्येच सोडली तर उरलेल्या रकमेचा काही भाग दंड म्हणून द्यावा लागतो. हा दंड ग्राहकापासून दडवल्याच्या आरोपावरून जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने अ‍ॅडोबीवर खटला भरला.

भारतात आणखी एक गुंता झाला तो कार्डाचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी नोंदणी करावी लागते आणि किमान २४ तास अगोदर बँकेने ग्राहकाला कळवावे लागते. ५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागे. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच. पण सुरुवातीला अनेक परदेशी कंपन्यांची वसुली अडली. खात्यात पैसे असूनही वर्गणी भरली जात नव्हती.

छापखान्यातल्या संगणकाला इंटरनेट असलेच पाहिजे, हीही नवी अट. क्रिएटिव्ह क्लाउडच्या वार्षिक सदस्याला साधारण ९९ दिवस इंटरनेटशिवाय काम करता येते, त्यानंतर परवान्याची खात्री करून घ्यावी लागते. मे २०१४ मध्ये कंपनीची लॉगिन व्यवस्थाच एक दिवसाहून अधिक काळ बंद पडली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये वेगळाच प्रकार झाला: पँटोन या कंपनीच्या, शाईचा नेमका रंग ठरवणाऱ्या रंगपट्ट्या अ‍ॅडोबीतून काढल्या गेल्या आणि त्यासाठी पँटोनची स्वतंत्र वर्गणी न घेणाऱ्यांना जुन्या फायलींत त्या रंगांच्या जागी काळा दिसू लागला. शाईचा डबा फळीवर आणि पडद्यावर काळोख.

मराठी मुद्रणाच्या बाबतीत जुने न सोडण्याला केवळ पैसा हे कारण नाही. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती, कळत नाही; तिच्यातला मराठी मजकूर जुन्या फॉन्टांच्या सांकेतिक जुळणीवर उभा असतो आणि दुसरीकडे उचलून नेला की रोमन चिन्हांचा खिचडा होतो. देवस्थानांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची जुनी पाने अशा फायलींत अडकलेली आहेत. म्हणून म्हापसा, फोंडा, डिचोलीकडच्या छापखान्यांत मागच्या टेबलावर विंडोज एक्सपीचा एखादा संगणक सापडतो. वर टॉवेल टाकलेला, इंटरनेटची वायर मुद्दाम काढलेली. मालकाला विचारले तर म्हणेल, ‘तो बंद करू नका, चालू होताना वेळ खातो.’ इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली ती सीएस ६ मध्ये, म्हणजे कायमच्या परवान्याच्या शेवटच्याच आवृत्तीत. आजच्या आवृत्तीत केलेली फाईल मात्र सीएस ६ थेट उघडत नाही, ती आयडीएमएल या जुन्या आवृत्तीलाही वाचता येणाऱ्या रूपात करून पाठवावी लागते.

या आवृत्तिभेदातून सुटायला धंद्याने आपला तोडगा कधीच काढला आहे: ‘कर्व्ह करून पाठव.’ म्हणजे अक्षरांचे रूपांतर आकृत्यांत करायचे आणि फाईल कोरलड्रॉ या चित्ररेखाटनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत किंवा पीडीएफमध्ये द्यायची. फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मात्र उत्सव समितीच्या खजिनदाराचे आडनाव चुकले असेल तर कर्व्ह केलेल्या फायलीत ते टाईप करून सुधारता येत नाही, आणि अशी चूक नेहमी रात्री दहालाच सापडते.

कायमचा परवाना ‘कायम’ असतो हेही अर्धसत्यच. सीएस २ ची सक्रियता तपासणारे सर्व्हर अ‍ॅडोबीने २०१३ च्या सुमारास बंद केले. परवानाधारकांसाठी तपासणी नसलेली प्रत द्यावी लागली. वर्गणीने काहींची सोयही झाली. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला पूर्ण संचासाठी एकदम लाखभर रुपये काढता येत नसत; पहिल्या महिन्याचे पैसे तो भरू शकतो. आणि परवाना, मग कोणताही, न घेणारे खूप होते. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ ब नुसार चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्याला किमान सात दिवसांची कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, तरी क्रॅकची, म्हणजे परवान्याची तपासणी मोडलेली, सीडी फिरत राहिली. दरवाढीची झळ आधी बसली ती पैसे भरणाऱ्यालाच.

हिशेबाच्या वहीत दोन्ही पद्धती वेगळ्या जागी बसतात. कायमचा परवाना ही मालमत्ता, त्यावर दरवर्षी घसारा. वर्गणी हा चालू खर्च. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या मुद्रकाला त्याची वजावट मिळत नाही.

पर्यायांपैकी गिंप (छायाचित्रांसाठी) आणि इंकस्केप (रेखाकृतींसाठी) मोफत आहेत, परंतु ऑफसेटला लागणाऱ्या चार रंगांच्या कामात ते तोकडे पडतात. पाने जुळवणारे स्क्रायबस, तेही मोफत, ते करते, आणि जानेवारी २०२४ च्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरेही जुळवते. त्याची सवय असलेला ऑपरेटर मिळणे हीच अडचण. एकदाच पैसे घेणाऱ्या अ‍ॅफिनिटी या डिझाइन सॉफ्टवेअरमालिकेकडे अनेकांनी आशेने पाहिले होते, पण तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत देवनागरी नीट बसत नसे. मार्च २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइन सेवा देणाऱ्या कॅनव्हाने ती बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॉफ्टवेअर फुकट करून टाकले. वापरण्यासाठी कॅनव्हाचे खाते उघडावे लागते, आणि त्यातली एआयची साधने कॅनव्हाची वर्गणी भरणाऱ्यांसाठी राखलेली आहेत.